थोड्या पाण्याने मरणारं वाळवंटी शैवाक

अमेरिकेतल्या युटा राज्याचा आग्नेय कोपरा म्हणजे तांबड्या दगडांचा मुलूख. कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान इथलंच. खडक तांबडे, वाळू तांबडी, मधूनमधून जुनिपरची पिळवटलेली झाडं आणि गुडघ्याएवढी झुडपं. पण दोन झुडपांच्या मधल्या ज्या जमिनीकडे सहसा कोणी बघत नाही, ती तांबडी नसते, काळपट असते. सपाटही नसते. बोटाच्या पेराएवढ्या सुळक्यांनी भरलेली असते.

गुडघे टेकून आणि भिंग घेऊन त्या सुळक्यांकडे पाहिलं, तर त्यांच्या अंगावर जळक्या कागदाचे कपटे चिकटल्यासारखे दिसतात. काळे, सुरकुतलेले, कडा वर वळलेल्या. कधीकाळी इथे शेकोटी पेटली असावी आणि तिची राख वाऱ्याने पसरली असावी, असंच कोणालाही वाटेल. आता बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब एका कपट्यावर सोडा. क्षणभर काहीच होत नाही. मग कडा सैल पडतात, सुरकुत्या भरून येतात, कपटा फुगत फुगत पसरतो आणि बघता बघता त्या जागी गडद शेवाळी रंगाचा, बुळबुळीत, जाडसर जेलीचा तुकडा तयार होतो. मेलेलं डोळ्यांदेखत जिवंत झालं! बघणाऱ्याला धन्य वाटतं.

प्रत्यक्षात त्या चार थेंबांनी आपण त्याचं बहुधा नुकसानच केलेलं असतं. ते कसं, हे समजलं की या जिवाचं निम्मं गणित समजलं.

चिवट

याचं नाव कोलेमा टेनॅक्स. लॅटिनमध्ये टेनॅक्स म्हणजे घट्ट धरून राहणारा, आपल्या शब्दात चिवट. स्वीडनच्या ओलोफ स्वार्ट्झ यांनी १७८४ मध्ये त्याची पहिली नोंद केली. गेल्या दशकात शास्त्रज्ञांनी या जेलीसारख्या शैवाकांच्या कुटुंबाची नव्याने वाटणी केली, तेव्हा याचं कागदोपत्री नाव एन्किलियम टेनॅक्स झालं. वाळवंटात काम करणारी माणसं मात्र अजून कोलेमाच म्हणतात, आणि मीही तेच म्हणणार आहे. ते फक्त वाळवंटातच सापडतं असं नाही. चुन्याचा अंश असलेली उघडी माती मिळाली की युरोपातही ते दिसतं. पण त्याचं खरं राज्य पश्चिम अमेरिकेतल्या कोरड्या पठारांवर आहे.

शैवाक म्हटलं की मराठी माणसाला दगडफूल आठवतं. हे त्याच्याच गोतातलं, फक्त दगड सोडून मातीला धरून बसलेलं. आणि शैवाक म्हणजे एक जीव नव्हे, हा पहिला धक्का. ती बुरशी आणि तिच्या आत राहणारा, उन्हातून अन्न बनवणारा दुसरा एक सूक्ष्मजीव यांची जोडी असते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडनर यांनी १८६७ मध्ये हे मांडलं, तेव्हा शैवाकांचे त्या काळचे मोठमोठे जाणकार भडकले. आयुष्यभर ज्यांना स्वतंत्र वनस्पती म्हणून नावं दिली, त्या म्हणे दोन वेगळ्या जिवांच्या जोड्या! श्वेंडनर यांनी बुरशीला मालक आणि आतल्या हिरव्या जिवांना तिचे गुलाम म्हटलं होतं. उपमा सोडून द्या, पण मूळ मुद्दा पक्का निघाला.

कोलेमाच्या बाबतीत हा मालक-नोकराचा मामला जरा संशयास्पदच आहे. बहुतेक शैवाकांत बुरशी घर बांधते. वर दाट छप्पर, त्याखाली हिरव्या पेशींचा पातळ थर, त्याखाली पोकळ विणीचा कापूस. कोलेमा उभं कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर असं काहीच दिसत नाही. छप्पर नाही, थर नाहीत. सगळीकडे पारदर्शक जेली, तिच्यात नॉस्टॉक नावाच्या सायनोबॅक्टेरियाच्या, म्हणजे उन्हातून अन्न बनवणाऱ्या जिवाणूच्या, माळा, आणि त्या माळांमधून वाट काढत गेलेले बुरशीचे बारीक धागे. नॉस्टॉकची एकेक पेशी काही सहस्रांश मिलिमीटरची. मोत्यांचा सर तुटून मधाच्या बरणीत पडावा, तसं ते दृश्य असतं. जेलीही मुख्यतः नॉस्टॉकचीच. हे नॉस्टॉक एकटंही जगू शकतं, ओल्या मातीवर त्याचे बुळबुळीत गोळे स्वतंत्रपणे वाढतात. बुरशीचं मात्र त्याच्यावाचून चालत नाही. म्हणजे घर, अन्न, पाण्याचा साठा, सगळं भाडेकरूचं. बुरशीकडे काय? आकार देणं, मातीला धरून ठेवणं आणि बीजाणू तयार करणं. नीट पाहिलं तर काळ्या तुकड्यावर लालसर तपकिरी, सपाट बशीसारख्या बारीक टिकल्या दिसतात. बुरशीचे बीजाणू तिथे तयार होतात.

आणि काळा रंग? तो नॉस्टॉकच्या आवरणातल्या सायटोनेमिन नावाच्या तपकिरी-पिवळ्या द्रव्यामुळे येतो. अतिनील किरणं शोषून घेणं हे त्याचं काम. दीड हजार मीटर उंचीवर, ढग नसलेल्या आकाशाखाली, पान न हलवता वर्षानुवर्षं उन्हात पडून राहायचं तर एवढी तजवीज हवीच.

जमा आणि खर्च

झाडाला मुळं असतात, साल असते, पानांना मेणाचा लेप असतो. पाणी कमी पडलं की झाड आपली दारं लावून घेतं आणि आतलं पाणी जपतं. कोलेमाकडे यातलं काही नाही. पाऊस पडला की ते भिजतं, ऊन पडलं की वाळतं, ओल्या फडक्यासारखं. वाळणं थांबवण्याचा ते प्रयत्नच करत नाही. उलट वाळण्याची कला त्याने साधली आहे. जेली आक्रसते, पेशींतल्या विशिष्ट शर्करा पाण्याची जागा घेऊन नाजूक पडदे आणि प्रथिनं जागच्या जागी धरून ठेवतात, आणि सगळे व्यवहार बंद होतात. श्वसन जवळपास शून्य, अन्ननिर्मिती शून्य. अशा अवस्थेत उन्हाळ्यात मातीचा पृष्ठभाग पन्नास-साठ अंशांपर्यंत तापला तरी चालतं, हिवाळ्यात सगळं गोठलं तरी चालतं. वही बंद असते. जमाही नाही आणि खर्चही नाही.

वही उघडते ती पाणी लागलं की. आणि उघडल्याबरोबर पहिली नोंद खर्चाची असते.

वाळताना झालेली मोडतोड आधी दुरुस्त करावी लागते. पडद्यांना पडलेल्या फटी बुजवायच्या, बिघडलेली प्रथिनं काढून नवी बनवायची. या सगळ्याला ऊर्जा लागते आणि ती साठवलेली साखर जाळूनच मिळते. भिजल्या क्षणी श्वसन उसळी मारतं. उन्हातून साखर बनवण्याची यंत्रणा मात्र पूर्ववत व्हायला वेळ घेते, शिवाय तिला उजेड लागतो. सकाळी दुकान उघडून झाडलोट करायची, दिवे लावायचे, नोकरांना चहा पाजायचा, आणि पहिलं गिऱ्हाईक यायला अजून अवकाश आहे, असा तो काळ. गिऱ्हाईक यायच्या आतच दुकान बंद करावं लागलं, तर दिवस तोट्यात.

आता आपले चार थेंब आठवा. भर दुपारी, तापलेल्या मातीवर. कपटा फुगला, दुरुस्ती सुरू झाली, साखर जळू लागली, आणि जमेची बाजू जरा कुठे सुरू होतेय तोवर ऊन आणि वाऱ्याने त्याला पुन्हा कोरडं करून टाकलं. आपल्याला चमत्कार दिसला, पण त्याच्या वहीत उणे पडलं.

एकदा असं झालं तर बिघडत नाही. गाठीला साखर असते. पण निसर्गही हेच करू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये या पठारावर दुपारच्या गडगडाटी सरी येतात. एखादी दणकून बरसते, एखादी नुसती जमीन शिंपडून जाते. एका मिलिमीटरच्या आसपासचा शिडकावा म्हणजे कोलेमासाठी फसवं आमंत्रणच. संध्याकाळी उशिरा आलेली सर त्याहून वाईट ठरू शकते. ओलावा रात्रभर टिकतो, उजेड मात्र नसतो, म्हणजे रात्रभर खर्चच खर्च. उजाडल्यावर कमाईला तासभर मिळाला तर मिळाला, मग सूर्य तापतो आणि खेळ संपतो.

याउलट जानेवारीतली सकाळ घ्या. हे थंड वाळवंट आहे, इथे बर्फ पडतो. सुळक्याच्या उत्तरेकडच्या अंगावर बर्फाची पातळ साय उरलेली असते आणि ती थेंबाथेंबाने विरघळत असते. सूर्य तिरपा, हवा गार, वाळवण्याची घाई कोणालाच नाही. कोलेमा तासन् तास ओलं राहतं. गारठ्यामुळे श्वसनाचा खर्च कमी आणि उजेड पुरेसा. त्याची वर्षाची कमाई अशा कंटाळवाण्या, ओलसर, गार दिवसांत होते. वाळवंटातला जीव म्हटल्यावर आपण त्याला उन्हाळ्याशी जोडतो, पण याचा हंगाम हिवाळ्याच्या अलीकडे-पलीकडे असतो. उन्हाळा त्याने झोपून काढायचा असतो, आणि झोपमोड त्याला परवडत नाही.

पाणी जास्त झालं तर? तिथेही घोळ आहे. कार्बन डायऑक्साइड हवेतून जितक्या सहज पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. जेली पाण्याने तट्ट फुगली की आतल्या नॉस्टॉकपर्यंत तो पोचायलाच वेळ लागतो आणि अन्न बनण्याचा वेग घसरतो. जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग विद्यापीठाचे ओटो लांगे यांनी अमेरिकी शास्त्रज्ञ जेन बेलनॅप यांच्यासोबत युटातलं कोलेमा प्रयोगशाळेत मोजलं आणि ते १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. पुरेपूर भिजलेल्या कोलेमाची कमाई चांगलीच खालावते, हे त्यात स्पष्ट दिसलं. सगळ्यात चांगली कमाई होते ती भिजून थोडं निथळल्यावर.

याच लांगे यांनी आणखी एक गोष्ट १९८६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिली होती. ती मला या सगळ्या विषयातली सगळ्यात मजेदार वाटते. ज्या शैवाकांच्या आत हिरवं शैवाल असतं, ती नुसत्या दमट हवेतली वाफ शोषून जागी होतात आणि अन्न बनवू लागतात. पाण्याचा थेंबही लागत नाही. पण आत सायनोबॅक्टेरिया असलेल्या शैवाकांचं वाफेवर भागत नाही, त्यांना प्रत्यक्ष ओलं पाणीच हवं. कोलेमाच्या शेजारीच, त्याच सुळक्यावर, सोरा डेसिपियन्स नावाचं दुसरं शैवाक असतं. विटकरी रंगाचे, पांढऱ्या किनारीचे बारीक खवले, फुटक्या कौलांचे तुकडे मातीत रोवल्यासारखे. त्याच्या आत हिरवं शैवाल. दमट पहाटे सोराला चार पैसे मिळू शकतात, तेव्हा हातभर अंतरावरचं कोलेमा कोरडं ठणठणीत पडलेलं असतं. मात्र पाऊस सढळ हाताने पडला की पारडं फिरतं. चांगलं भिजायला मिळालं तर अन्न बनवण्याच्या वेगात कोलेमा अशा हिरव्या शेजाऱ्यांना मागे टाकतं, आणि ऊब असली तरी त्याचं चालतं. एक किरकोळ विक्रीवर जगणारा, दुसरा घाऊक व्यापारी. म्हणूनच दोघं एका सुळक्यावर नांदतात.

हवेतलं खत

कोलेमाचं महत्त्व फक्त त्याच्या जगण्याच्या तऱ्हेत नाही. या वाळवंटात ते एक असं काम करतं जे करणारे इथे फार थोडे आहेत. ते हवेतला नत्र मातीत आणतं.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की झाडांना तो वापरता येत नाही. समुद्रात तहानेने मरावं तशी ही गत. हा बंध तोडण्याची किमया काही मोजक्या जिवाणूंना साधली आहे आणि नॉस्टॉक त्यातलंच एक. त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) म्हणजे नायट्रोजिनेज, आणि ते प्राणवायूने नासतं. इथे पंचाईत अशी की उन्हातून अन्न बनवताना नॉस्टॉक स्वतःच प्राणवायू सोडतं. एकाच खोलीत चूल आणि दारूगोळा!

यावर उपाय माळेतच आहे. नॉस्टॉकची माळ भिंगाच्या बऱ्याच पुढे जाऊन, म्हणजे शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर मधेमधे एखादा मणी वेगळा दिसतो. भिंत जाड, रंग फिका. याला हेटेरोसिस्ट म्हणतात. या पेशीने प्राणवायू सोडणारा उद्योग कायमचा बंद केलेला असतो. जाड भिंत बाहेरचा प्राणवायू आत येऊ देत नाही आणि आत निवांतपणे नत्राचा बंध तोडला जातो. शेजारचे मणी तिला साखर पुरवतात आणि ती त्यांना वापरण्याजोगा नत्र देते. पुन्हा कधी तिचं विभाजन होत नाही. माळेसाठी एका पेशीने आपला वंश सोडून दिलेला असतो. (असं लिहिताना आपण पेशीला माणूस करतोय हे मला कळतं, पण मोह आवरत नाही.)

असा धरलेला नत्र सगळाच कोलेमाच्या घरात राहत नाही. काही बुरशीला जातो, आणि बराचसा दर ओल्या-कोरड्या फेऱ्यात मातीत पाझरतो. तिथून तो गवताच्या, झुडपांच्या मुळांना मिळतो. ज्या मातीवर अशा जिवांनी विणलेला वरचा पातळ थर, म्हणजे जिवंत खपली, शाबूत आहे, तिथल्या झाडांच्या पानांत नत्राचं प्रमाण उघड्या मातीतल्या झाडांपेक्षा जास्त आढळतं. बेलनॅप यांच्या अंदाजानुसार आग्नेय युटात गडद, म्हणजे शैवाकं आणि नॉस्टॉकसारख्या जिवांनी भरलेली खपली वर्षाला दर हेक्टरी सुमारे ९ किलो नत्र आणते. फिकट, कोवळ्या खपलीचा हाच आकडा सुमारे १.४ किलो आहे. खताच्या पोत्याच्या हिशेबात हे थोडं वाटेल. पण वर्षाला वीस-बावीस सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या, पालापाचोळा जवळपास नसलेल्या मातीसाठी हीच मोठी आवक आहे.

खपली

आत्तापर्यंत मी दोन-तीनदा खपली म्हटलं, ती काय चीज आहे ते सांगायला हवं. मातीचे वरचे काही मिलिमीटर म्हणजे ही खपली. तिचा पाया मायक्रोकोलियस नावाचा सायनोबॅक्टेरिया घालतो. तो धाग्यांच्या जुड्यांच्या रूपात चिकट वेष्टणात राहतो. ओल आली की धागे पुढे सरकतात, ओल गेली की वेष्टणं वाळूच्या कणांना चिकटून तिथेच राहतात. असं वर्षानुवर्षं चालतं आणि सुटी वाळू शिवली जाते. खपलीचा तुकडा अलगद उचलला तर खाली वाळूचे दाणे धाग्यांना लोंबकळताना दिसतात. त्या स्थिर झालेल्या पृष्ठभागावर मग कोलेमा, सोरा आणि मॉस नावाच्या मखमली, बुटक्या वनस्पती यांचं बस्तान बसतं. हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठून तिला वर उचलतं, पाऊस मधलं धुऊन नेतो, आणि ते सुळके घडतात. अशा खपल्या जगभर आहेत. पृथ्वीच्या जमिनीचा सुमारे १२ टक्के भाग त्यांनी व्यापला असल्याचा अंदाज २०१८ मध्ये मांडला गेला.

खपली मोडली की वाळू सुटते आणि वारा तिला घेऊन जातो. कुठे? कोलोरॅडो पठारावरून उठलेली तांबडी धूळ पूर्वेकडच्या सॅन ह्वान पर्वतांवर साचलेल्या बर्फावर जाऊन बसते. पांढरा बर्फ ऊन परतवतो, मळका बर्फ ते शोषतो. २००५ आणि २००६ मध्ये केलेल्या मोजमापांत दिसलं की धुळीमुळे तिथला बर्फ १८ ते ३५ दिवस आधी वितळून संपला. तिथला बर्फ वितळून कोलोरॅडो नदीला पाणी मिळतं, आणि त्या नदीवर कोट्यवधी माणसं अवलंबून आहेत. उद्यानात ठिकठिकाणी पाट्या असतात की पायवाट सोडू नका, खपली मोडू नका. पाटी वाचून लोकांना वाटतं, एवढ्याशा मातीचं काय कौतुक.

भिजलेलं कोलेमा लवचीक असतं, पण वर्षाचा बहुतेक काळ ते कोरडं असतं आणि कोरडं असताना पापडासारखं मोडतं. मोडलेला तुकडा मरतोच असं नाही. त्यात बुरशी आणि नॉस्टॉक दोन्ही असतात, आणि चांगल्या जागी चिकटला तर तो नव्याने वाढू शकतो. अडचण अशी की बुटाखाली मोडलेले तुकडे वाळूखाली गाडले जातात, आणि अंधारात कमाई नाही. बीजाणूंची वाट तर त्याहून बिकट. बीजाणू फक्त बुरशीचा. तो उडून कुठे पडेल तिथे त्याला योग्य नॉस्टॉक भेटलं पाहिजे, जमीन हलती नको, आणि पुरेशी ओल हवी.

त्यामुळे झीज भरून यायला किती वेळ लागतो याचा एक अनपेक्षित पुरावा कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात आहे. १९४२ मध्ये जनरल जॉर्ज पॅटन यांच्या देखरेखीखाली तिथे रणगाड्यांचा सराव सुरू झाला. महायुद्ध संपलं, माणसं गेली, रणगाड्यांच्या चाकोऱ्या उरल्या. अर्धशतकाहून अधिक काळानंतर तिथली माती तपासली तेव्हा सायनोबॅक्टेरिया बऱ्यापैकी परतले होते, शैवाकं मात्र फार मागे होती.

व्हर्जिनिया पार्क

एवढं वाचून उपाय सोपा वाटेल. गुरं नकोत, गाड्या नकोत, माणसंही नकोत. अशी एक जागा खरोखर आहे. कॅन्यनलँड्सच्या नीडल्स भागात चहूबाजूंनी खडकांच्या भिंतींनी वेढलेलं व्हर्जिनिया पार्क नावाचं गवताळ मैदान आहे. तिथे पाळीव गुरं कधी चरलीच नाहीत आणि पर्यटकांना प्रवेश नाही. म्हणूनच १९६७ पासून शास्त्रज्ञ तिथली खपली मोजत आले आहेत.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदी अशा: १९६७ आणि १९९६ मध्ये शैवाकांनी जमिनीचा सुमारे १९ टक्के भाग झाकलेला होता. २००३ नंतर तो सरासरी ५ टक्क्यांवर आला. सगळ्यात जास्त फटका कोलेमासारख्या नत्र धरणाऱ्या शैवाकांना बसला. मधल्या काळात चीटग्रास हे परकं गवतही तिथे शिरलं होतं, त्याचाही काही हात असू शकतो. पण या घसरणीचा संबंध सगळ्यात स्पष्ट जुळला तो उन्हाळ्यातल्या वाढत्या तापमानाशी.

वहीच्या भाषेत याचा अर्थ लावता येतो. उन्हाळा जितका तापेल तितकं सरीनंतरचं वाळणं झपाट्याने होईल आणि ओल्या असतानाच्या काळात श्वसनाचा खर्च वाढेल. म्हणजे तीच सर, तेवढंच पाणी, पण पूर्वी जिथे खर्च-जमा जेमतेम जुळत होते तिथे आता तोटा. युटातल्याच एका प्रयोगात मॉसवर हे डोळ्यांसमोर घडलं. उन्हाळ्यात १.२ मिलिमीटरच्या छोट्या छोट्या कृत्रिम सरी वारंवार दिल्या, तर जमिनीचा सुमारे २५ टक्के भाग झाकणारं मॉस एकाच हंगामात २ टक्क्यांच्याही खाली आलं. पाणी घातल्यामुळे. मॉस आणि कोलेमा हे वेगळे जीव, त्यांच्या गाठीची साखरही वेगळी, त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही. हिशेबाची रीत मात्र एकच.

२०१५ मध्ये बेलनॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दीर्घ प्रयोगांचे निकाल शेजारी शेजारी ठेवले. एका प्रयोगात खपलीचे तुकडे दहा वर्षं दिव्यांनी तापवले होते आणि त्यांना उन्हाळी सरी दिल्या होत्या. दुसऱ्यात माणसांनी वर्षानुवर्षं ठरवून खपली तुडवली होती. दोन्हीकडे शेवटी उरलेली जमीन जवळपास सारखीच होती. मॉस आणि शैवाकं गेलेली, फक्त सायनोबॅक्टेरियाची फिकट, कोवळी खपली शिल्लक. वरून बघणाऱ्याला बूट कुठे पडला होता आणि ऊन कुठे, हे सांगता आलं नसतं.